लग्न ठरलेल्यांनी हा पूल ओलांडू नये

आमच्या तोर्रेफोस्कातला किल्ला पाहायला जर्मनीतून माणसं येतात, हॉलंडमधून येतात. एकदा न्यूझीलंडहून एक जोडपं आलं होतं. किल्ला पाहून झाल्यावर गावात आणखी काय पाहण्यासारखं आहे असं त्यांनी विचारलं, तेव्हा त्यांना बसचा थांबा दाखवण्यात आला. तोर्रेफोस्काचा माणूस मात्र किल्ल्याच्या आत पाऊल टाकत नाही. लग्न ठरलेल्या जोडीनं खंदकावरचा पूल बरोबरीनं ओलांडला की ते लग्न होत नाही, अशी आमच्याकडे पक्की समजूत आहे. ज्यांचं लग्न होऊन गेलंय त्यांना आता आत जाऊन काही उपयोग नाही, अशीही एक समजूत आहे, पण ती कुणी मोठ्यानं बोलून दाखवत नाही.

हे सगळं ड्यूक अस्कानिओमुळे झालं. पाचशे वर्षांपूर्वी त्याच्या आजोबांनी समुद्रावरच्या तुर्की गलबतांना धाक बसावा म्हणून हा किल्ला बांधला. जाड भिंती, तोफा, अंधार. सगळं कामापुरतं. मग प्रबोधनकाळ आमच्यापर्यंत पोचला. शेजारच्या ड्यूकनं घराला कमानी लावल्या म्हणून आमच्यानंही लावल्या. संगमरवरी जिना केला, समुद्राकडे सज्जा काढला, छतावर उघडे देव रंगवून घेतले. घर सजल्यावर त्यानं नेपल्सहून आपल्या वाग्दत्त वधूला ते बघायला बोलावलं. ती जहाजानं आली. दोघं पूल ओलांडून आत गेली. तिनं दालनं पाहिली, जिना पाहिला, लिंबाचं सरबत घेतलं आणि संध्याकाळच्या वाऱ्याबरोबर परत गेली ती कायमचीच. ड्यूक एकाहत्तराव्या वर्षी अविवाहित वारला. यात दोष कुणाचा हे शोधायला ड्यूककडे एकदा नीट पाहणं पुरेसं होतं. गाव साडेचारशे वर्षं पुलाकडे पाहत बसलंय.

पुरावा मागितलात तर गाव पास्क्वाले पाववाल्याचा देतं. तो एक्क्याऐंशी साली लग्न ठरलेल्या मुलीला घेऊन पूल ओलांडून गेला आणि महिन्याभरात लग्न मोडलं. त्या महिन्यात तो तिच्या मावसबहिणीबरोबरही दोनदा बुरुजावर जाऊन आला होता, ही गोष्ट किरकोळ म्हणून सोडून देण्यात येते.

माझी भाची मारिलेना हिचं लग्न उबाल्दोशी ठरलं त्याला यंदा नऊ वर्षं झाली. ती अडतीस वर्षांची, तो त्रेचाळीसचा. ती शाळेत गणित शिकवते. शिकवते म्हणजे, कुणी बाई बाळंतपणाला गेली की हिला बोलावतात आणि बाई परत आली की हिला घरी पाठवतात. अकरा वर्षं असं चाललं होतं. उबाल्दो नगरपालिकेत जमिनीच्या मोजणीच्या कामावर आहे, त्यामुळे सगळं गाव त्याला सर्व्हेअरसाहेब म्हणतं. आमच्या बाजूला माणूस काही ना काही साहेब असल्याशिवाय त्याला कॉफी गरम मिळत नाही.

लग्नाला उबाल्दोनं कधीही नकार दिला नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. तो तसा माणूस नव्हेच. त्यानं फक्त तारीख दिली नाही. पहिल्या वर्षी त्याची आत्या वारली. दुसऱ्या वर्षी तिचं वर्ष पाळलं. मग लीप वर्ष आलं, त्यात आमच्याकडे कुणी लग्न करत नाही. मे महिना मेरी मातेचा, नोव्हेंबर मेलेल्यांचा, ऑगस्टात उकडतं. मंगळवार-शुक्रवार तर बादच. एकदा सगळं जुळून आलं होतं, चर्चमध्ये विचारायला म्हणून मंडळी निघाली, तर रस्त्यात रिकामी शववाहिका आडवी आली. भरलेली असती तर चाललं असतं. रिकामी म्हणजे गिऱ्हाईक शोधत फिरतेय! उबाल्दोची आई एर्सीलियाबाई तिथूनच मागे फिरल्या आणि दोन दिवस अंथरुणावर पडून राहिल्या.

या सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मारिलेनाला सरकारकडून कळवण्यात आलं की तिला कायमची नेमणूक मिळतेय. मात्र त्रिएस्तेला. म्हणजे आमच्या इटलीच्या बुटाच्या तळव्यापासून पार वरच्या कोपऱ्यात, रेल्वेनं एक अख्खा दिवस. सोमवारी दुपारी बारापर्यंत होय किंवा नाही कळवायचं. नाही म्हटलं तर नाव यादीतून कायमचं जाणार. होय म्हटलं तर ती कायमची जाणार.

रविवारी एर्सीलियाबाईंकडे जेवायला बोलावणं होतं. मारिलेनाची आई, म्हणजे माझी बहीण, आता नाही, म्हणून तिच्या बाजूनं मी असतो. ओव्हनमधला पास्ता झाला, भरली वांगी झाली, आणि एर्सीलियाबाईंनी तिसऱ्यांदा वाढायला घेतलं तेव्हा मारिलेना काटा खाली ठेवून म्हणाली,

"आज महिन्याचा पहिला रविवार. किल्ला फुकट आहे. उबाल्दो, कॉफी झाली की आपण बघायला जाऊ."

टेबलाखाली उबाल्दोचा हात विजारीच्या खिशात गेला. अपशकुनाचं काही कानावर आलं की आमचे पुरुष तिथं काय चाचपतात ते मी सांगत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे.

"किल्ला?" तो म्हणाला. "कुठला किल्ला?"

"गावात एकच आहे. तूच मोजलायस."

"बाहेरून मोजलाय."

"सावेरिओ, तुम्हीच सांगा," एर्सीलियाबाई माझ्याकडे वळल्या. "असली चेष्टा जेवताना करतात का?"

"चेष्टा नाही, सिन्योरा," मारिलेना म्हणाली. नऊ वर्षं झाली तरी ती त्यांना सिन्योराच म्हणते. आई म्हणायला आधी लग्न लागतं. "उद्या बाराच्या आत मला त्रिएस्तेला कळवायचंय. उबाल्दोनं पुलापर्यंत पोचायच्या आत तारीख सांगितली तर मी नाही म्हणून कळवते आणि इथंच राहते. नाही सांगितली तर आपण किल्ला बघू."

"अगं पण एवढी घाई काय?" उबाल्दो म्हणाला.

त्याला ती घाई खरोखरच दिसत नव्हती. तो माणूस खोटारडा नाही. त्याच्यात तेवढी धडाडीच नाही.

कॉफी झाली. आम्ही चौघं समुद्राकाठच्या रस्त्यानं निघालो. त्या वेळेला सगळं गाव तिथं फेऱ्या मारत असतं, आइस्क्रीम चाटत, एकमेकांच्या बुटांकडे बघत. लग्न ठरलेल्या जोड्या किल्ल्याच्या अलीकडे एक बाक आहे तिथवर जातात आणि तिथून शहाण्यासारख्या वळतात. बाकाजवळ डांबर झिजून गुळगुळीत झालंय. आम्ही पुढे आलो आणि वळलो नाही, तेव्हा बारच्या बाहेर पत्ते खेळणाऱ्या चौघांनी पानं उलटी ठेवली. चौघांचे हात टेबलाखाली गेले.

पुलाच्या तोंडाशी मारिलेना थांबली.

"सांग," ती म्हणाली. "कुठलीही तारीख. या वर्षातली नको, पुढच्या वर्षातली सांग. वार तुझ्या आईनं निवडावा."

उबाल्दोनं आईकडे पाहिलं.

"जानेवारीत थंडी," एर्सीलियाबाई म्हणाल्या. "पाहुणे येत नाहीत. मग ईस्टरच्या आधीचे उपास. त्यात लग्न करतात का कुठं? पुढे मे. मे मी सांगायला नको."

"एप्रिल?" मी म्हटलं. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही.

"एप्रिलमध्ये उबाल्दोला शिंका येतात."

"येतात हो, मामा," उबाल्दो म्हणाला. "फुलांमुळे. आणि लग्नात फुलं तर असणारच."

मी मारिलेनाकडे पाहिलं. ती हसेल असं मला वाटलं होतं. ती उबाल्दोकडे अशी पाहत होती, जसं शेवटच्या बाकावरच्या मुलाकडे पाहतात. येईल, अजून येईल, एक मिनिट थांबू या. खरं सांगायचं तर मलाही वाटत होतं की तो म्हणेल. माणसानं एक आकडा आणि एक महिना म्हणायचा असतो, त्याला पदवी लागत नाही. नऊ वर्षांत तिनं त्याच्या घरचे तीन मोतीबिंदू काढून आणले, दोन एर्सीलियाबाईंचे आणि एक मावशीचा. स्वयंपाकघराच्या फरशीचे नमुने पाहिले, पडद्यांचं कापड घेतलं. तिला हा माणूस हवा होता. का, ते मला विचारू नका. मलाही माझ्या बायकोनं काय पाहून पसंत केलं होतं ते अजून कळलेलं नाही.

"तारीख नाही?" तिनं विचारलं.

"अगं तारीख म्हणजे काय, तारीख ठरेलच."

"मग चल."

आता काय होणार हे मला, बारमधल्या चौघांना आणि बाकावर येऊन थांबलेल्या दोन जोड्यांना ठाऊक होतं. एर्सीलियाबाई पुलावर आडव्या पडणार. रिकाम्या शववाहिकेसाठी दोन दिवस झोपलेली बाई, पाव टेबलावर पालथा ठेवला म्हणून सुतारणीशी बोलणं टाकलेली बाई, मुलाला नवरदेव म्हणून त्या पुलावर जाऊ देईल? मी तर त्यांना आधार द्यायला एक पाऊल पुढे झालो.

एर्सीलियाबाईंनी पर्स उघडली. रुमाल काढला, नाक पुसलं, रुमाल आत ठेवला.

"जा रे बाळा," त्या म्हणाल्या. "म्हाताऱ्या बायकांच्या गप्पा असतात या. एकविसावं शतक चालू आहे. आणि आज फुकट पण आहे."

पत्ते खेळणाऱ्यांपैकी एकाच्या तोंडातून सिगरेट खाली पडली.

"नक्की ना?" उबाल्दो म्हणाला.

"जा म्हणते ना. मी इथं बसते. माझे गुडघे."

आणि उबाल्दो निघाला! शाळकरी मुलगा सहलीला निघावा तसा, हसतमुख. ज्याच्याकडून नऊ वर्षांत एक तारीख निघाली नाही त्याच्याकडून चौदा पावलं लागोपाठ निघाली. अर्ध्या पुलावर गेल्यावर त्याला आठवलं की हे दोघांनी मिळून करायचं असतं, तेव्हा तो वळला आणि प्रेमानं म्हणाला, "चल ना गं."

मारिलेना गणिताची बाई. उत्तर यायला तिला फळा लागला नाही. तिनं एकदा एर्सीलियाबाईंकडे पाहिलं. त्या बाकावर अगदी आरामात बसल्या होत्या. एकदा उबाल्दोकडे पाहिलं. मग माझा दंड धरला आणि म्हणाली, "या मामा. आलोच आहोत तर बघून घेऊ."

दारात काताल्दो बसतो. तो एकेकाळी पोहणं शिकवायचा, आता लोकांना किल्ला दाखवतो, म्हणून त्याला प्रोफेसर म्हणतात. त्यानं सवयीनं वही पुढे ओढली.

"कुठला देश?"

"समोरची गल्ली," मारिलेना म्हणाली.

त्यानं मान वर केली, आम्हाला ओळखलं आणि पहिल्यांदा उबाल्दोच्या, मग मारिलेनाच्या आणि मग पुन्हा उबाल्दोच्या तोंडाकडे पाहिलं. "दोघं?" तो म्हणाला. "बरोबर? पुलावरून?"

"लिही ना," उबाल्दो म्हणाला. "एकविसावं शतक चालू आहे."

किल्ल्याबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण किल्ल्यातच थोडकं आहे. दुरुस्तीसाठी तो अठरा वर्षं बंद होता. दुरुस्तीत जुन्या भिंतींना नवं सिमेंट आणि नव्या संडासाला जुना दरवाजा लावण्यात आला. तळघरातल्या कैदखान्यात आता कॉफीचं यंत्र आहे. कॉफी प्यायल्यावर कैद्यांबद्दल कणव वाटते. ड्यूकचा म्हणून जो पलंग दाखवतात तो बंद पडलेल्या एका हॉटेलातून आलाय. त्याच्या पायावर खोलीचा नंबर अजून आहे. काताल्दो म्हणतो, सहा राजपुत्र त्यावर झोपले. बरोबर झोपले की पाळीपाळीनं, हे त्याला अजून कुणी विचारलेलं नाही.

पण उबाल्दो! उबाल्दोला मी असा कधी पाहिला नव्हता. भिंतीची जाडी वितीनं मोजत होता, काताल्दोशी वाद घालत होता, कमानीखाली उभा राहून टाळी वाजवून आवाज घुमतो का पाहत होता. जिन्यावर त्यानं मारिलेनाचा हात धरला. आपणहून. "सांभाळ, पायरी निसरडी आहे," म्हणाला. नऊ वर्षं खांद्यावर असलेलं पोतं कुणीतरी उतरवून घेतल्यासारखा तो मोकळा झाला होता, आणि तसं झालंय हे त्याला स्वतःला कळलेलंच नव्हतं. ही एकच गोष्ट मी त्याच्या बाजूनं सांगू शकतो.

वरच्या दालनात ड्यूकचं चित्र आहे. काताल्दो हात जोडून उभा राहिला.

"अस्कानिओ, तोर्रेफोस्काचा चौथा ड्यूक. वधू येणार म्हणून खास काढून घेतलेलं. डोळ्यांतला निर्धार बघा."

आम्ही बघितला. पांढरे, मऊ हात. हनुवटी सुरू होता होता थांबलेली. एक डोळा चित्रकाराकडे आणि दुसरा किंचित मागे. मागे, त्याच्या खांद्यावर हात ठेवून, काळ्या पोशाखात एक बाई उभी. कमरेला हाताएवढ्या चाव्यांचा जुडगा.

"ही कोण?" मारिलेनानं विचारलं.

"मातोश्री," काताल्दो म्हणाला. "चित्रात नव्हत्या आधी. मागाहून घातल्या. त्यांनीच सांगितलं घालायला."

"बिचारा," उबाल्दो चित्राकडे पाहत म्हणाला. त्याचा आवाज खरंच ओला झाला होता. "तिनं थोडं थांबायला हवं होतं."

मारिलेनानं आपला हात हळूच सोडवून घेतला आणि गच्चीच्या जिन्याकडे गेली. मी तिच्यामागे गेलो. एकशेबारा पायऱ्या आहेत. माझ्या वयाच्या माणसाला त्यातल्या शंभर पुरतात.

वर वारा होता. गाव खाली पसरलेलं, छपरांवर पाण्याच्या टाक्या, दोऱ्यांवर चादरी. आमचं घर तिला आधी सापडेना. मग सापडलं. आपण राहतो ते घर वरून किती लहान दिसतं याचं तिला हसू आलं. त्या दुपारचं ते पहिलं हसू.

"मामा, त्रिएस्ते कुठल्या बाजूला?"

"तुझ्या पाठीमागे. पण समुद्र हाच. किनाऱ्यानं जात राहिलीस की येतं."

"तिथं वारा फार असतो म्हणतात."

"इथंही आहेच की."

"मी चूक तर करत नाही ना?"

याला उत्तर द्यायचं म्हणजे मोठ्या माणसासारखं काहीतरी बोलायला हवं होतं. मला धाप लागली होती. मी म्हटलं, "तुझी आई असती तर तिनं तुला आठ वर्षांपूर्वी ढकलून वर आणलं असतं."

तिनं फोन काढला. गावात खाली रेंज नसते, वर चांगली येते. इतक्या वर्षांत किल्ल्याचा आम्हाला झालेला हा पहिला फायदा. तिनं चष्मा लावला, दोनदा वाचलं, एकदा डोळे मिटले आणि बोट टेकवलं. मग फोन छातीशी धरून समुद्राकडे वळली. डोळे पुसले ते वाऱ्यामुळे, असं मी धरून चाललो.

तेवढ्यात उबाल्दो आणि काताल्दो तटाच्या दातांची उंची मोजत तिथं आले.

"उबाल्दो," ती म्हणाली, "मी होय कळवलं."

"कुणाला?"

"त्रिएस्तेला. गुरुवारी निघते."

त्याचं तोंड उघडं राहिलं. मी त्याच्या जवळ सरकलो. तट कमरेइतकाच आहे, आणि माणूस कितीही बिनकामाचा असला तरी... पण त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते दुःख नव्हतं. ते समाधान होतं.

"बघितलंस?" तो काताल्दोला म्हणाला. "बघितलंत, मामा? अर्धा तास झाला नाही पूल ओलांडून! आणि लोक म्हणतात अंधश्रद्धा!"

अपशकुन टळावा म्हणून काताल्दोनं दोन बोटांची शिंगं करून जमिनीकडे दाखवली आणि चार पावलं मागे सरकला.

"हो," मारिलेना म्हणाली. "पुलामुळेच झालं."

"मी तेच म्हणतोय! आणि आजच नेमकं... मी तुला आजच जून सांगणार होतो."

"जून?"

"जून. जून चांगला. मेच्या नंतर, उकाड्याच्या आधी."

ती त्याच्या अगदी समोर येऊन उभी राहिली. मला वाटतं, त्या क्षणीही त्यानं नीट उत्तर दिलं असतं तर... पण मी गणिताचा माणूस नाही.

"कुठल्या वर्षीचा जून, उबाल्दो?"

उबाल्दो विचार करू लागला. त्यानं समुद्राकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं, बोटांवर काहीतरी मोजलं. खाली पुलापलीकडच्या बाकाकडे पाहिलं, पण तिथून उत्तर ऐकू येण्याइतकी गच्ची खाली नव्हती.

मारिलेनानं बऱ्यापैकी वेळ दिला. परीक्षेत देतात त्याहून जास्तच. मग ती जिन्याकडे वळली, आणि उतरताना माझ्यासाठी थांबत थांबत आम्ही दोघं खाली आलो.

पुलाच्या या टोकाला एर्सीलियाबाई बाकावरून अर्धवट उठल्या. आमच्या मागे कुणी येतंय का ते त्यांनी मान वाकडी करकरून पाहिलं.

"आणि उबाल्दो?" त्यांनी विचारलं. पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा घाबरा झाला होता. "माझा उबाल्दो कुठाय?"

"वर आहे, सिन्योरा," मारिलेना म्हणाली आणि बोटातली अंगठी काढून त्यांच्या हातात ठेवली. "महिना ठरलाय. वर्ष ठरतंय."